दाजींचा पेला: दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या एका माणसाची केस

ही केस माझ्या दाजींची आहे. त्यांना विचारूनच लिहितेय, फक्त त्यांचं नाव नको आणि कारखान्याचं पण नको म्हणाले, म्हणून दोन्ही गाळलंय. मी सोलापुरातच फिजिओथेरपिस्ट आहे, पूर्व भागात छोटं क्लिनिक आहे, पाठ, मान, गुडघा धरून येणारी माणसं रोज बघते, पण एखाद्या माणसाचा ऑफिसातला अख्खा दिवस त्याच्या शेजारी बसून बघायला मिळाला तो पहिल्यांदाच आणि तोही घरातला माणूस होता म्हणून. त्या एका दिवसात मला जे कळलं ते क्लिनिकमध्ये दहा वर्षं टेबलावर झोपवून तपासून कळलं नव्हतं.

सुरुवात संक्रांतीला झाली. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, आम्ही सगळे सिद्धेश्वराचं दर्शन करून संध्याकाळी ताईकडं जुळे सोलापूरला गेलो, दाजी ऑफिसवरून नुकतेच आलेले, सोफ्यावर बसून मोजे काढत होते आणि मोज्याच्या रबराचा खोल वळ पायावर दिसला. मी सवयीनं खाली बसले आणि घोट्याच्या वर नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तर खड्डा तसाच. हळूहळू भरला, मी मनात सात मोजले तोवर. दुसऱ्या पायाला पण तेच. दाजी म्हणाले, "अगं ते रोजचंच आहे, सकाळी उठलं की जातं."

पायाला सूज आली म्हणजे बसून आली असं कुणी धरून चालू नये हे आधी सांगते. किडनी, हृदय, थायरॉइड, लिव्हर, काहीही असू शकतं, बीपीच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अॅम्लोडिपिननं, पण घोटे सुजतात. आणि एकाच पायाला अचानक सूज, दुखणं असलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दाजींना मी आधी फिजिशियनकडं पाठवलं. किडनी, हृदय, थायरॉइड सगळं ठीक निघालं, बीपीची गोळी चालू नव्हतीच. पण उपाशीपोटी शुगर ११२ आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या काही महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा, म्हणजे दोन्ही आकडे बरोबर मध्यात. कमर मी मोजली, ९९ सेंटीमीटर, आपल्या भारतीय पुरुषांना ९० च्या आत पाहिजे. वय ४३.

दाजींना ते फार लागलं. कारण हा माणूस आळशी नाही, रोज पहाटे साडेपाचला उठून आठवड्यातले सहा दिवस संभाजी तलावाला, आमचे बाबा ज्याला अजून कंबर तलावच म्हणतात तिथं, ४० मिनिटं भरभर चालतो. पाऊस असो थंडी असो. मला म्हणाले, "अगं मी चालतो की रोज, मग कसं काय? न चालणाऱ्यांचे रिपोर्ट चांगले आणि माझे असे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, फसवणूक झाल्यासारखं होतं, आणि खरं सांगते त्या क्षणी माझ्याकडं पण चटकन उत्तर नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, दाजींचा हिशोब २४० मिनिटं. पेपर तर त्यांनी पास केलेला.

मग आम्ही चालणं सोडून बाकीचा दिवस मांडला. गाडीवर अक्कलकोट रोड एमआयडीसी, जायला अर्धा तास यायला अर्धा तास. साडेनऊ ते साडेसहा टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स. घरी चहा, टीव्ही, मोबाइल, जेवण. झोप सोडून उरलेल्या सतरा तासांपैकी अकरा-साडेअकरा तास बूड टेकलेलं. २०१६ साली लॅन्सेटमध्ये दहा लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात असं निघालं की दिवसाला आठ तासांवर बसणाऱ्यांचा त्या बसण्यामुळं वाढलेला धोका पुसायला रोज साधारण ६० ते ७५ मिनिटं चालण्यासारखा व्यायाम लागतो. दाजींची ४० मिनिटं वाया गेली नव्हती, ती नसती तर रिपोर्ट अजून वाईट आला असता असं माझं मत आहे, पण एवढ्या बसण्याला ती पुरत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी वही घेऊन त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. मालकांना आधी विचारलं होतं, त्यांनी हसत हो म्हणलं. दाजींना सांगितलं मोबाइल टेबलावर नाही ठेवायचा, दिवसभर खिशात, म्हणजे पावलं मोजली जातील, आणि ते किती वेळा उठतात ते मी वहीत रेघ मारून लिहिणार.

दुपारी दीडपर्यंत वहीत दोनच रेघा.

कामात गुंतलेला माणूस म्हणून उठत नव्हता असं मला आधी वाटलेलं. तसं नव्हतं, त्यांना उठायची वेळच कुणी येऊ देत नव्हतं. तिथं एक मामा आहेत, साठीला आलेले, शिपायाचं काम करतात. दाजींच्या डाव्या हाताला पाण्याची मोठी बाटली, ती अर्ध्यावर आली की मामा न सांगता भरून आणणार. अकराला चहा टेबलावर. प्रिंटर हाताच्या अंतरावर. डिस्पॅचच्या पोराशी बोलायचं तर इंटरकॉम, पोरगं पळत येतं. गेटपासवर सही पाहिजे तर वॉचमन वही घेऊन आत येतो. जेवायच्या वेळी मामांनीच टेबलावर पेपर अंथरला, डबा उघडून दिला, कडक भाकरी, दही, शेंगाची चटणी, आणि दाजी हात धुवायला उठले ती तिसरी रेघ. संध्याकाळपर्यंत एकूण पाच. दोनदा लघवी, दोनदा हात धुणं, आणि एकदा मालक केबिनमध्ये आले तेव्हा उभे राहिले. पावलं ७१०.

परत येताना गाडीवर मागं बसून मी हेच डोक्यात घोळवत होते. दाजी १६ वर्षांपूर्वी तिथं क्लार्क म्हणून लागले तेव्हा सायकलवरून नवी पेठेत बँकेत जायचे, चेक भरायचे, गोडाऊनमध्ये स्वतः गाठी मोजायचे, गेटवरून चलनं आणायचे. मग जबाबदारी वाढत गेली आणि प्रत्येक वेळी एकेक उठणं कमी झालं. बँक मोबाइलमध्ये आली. चलनं फोटोनं यायला लागली. माल मोजायला माणूस मिळाला. आपल्याकडं उठणं म्हणजे हाताखालच्याचं काम, आणि मोठ्या माणसाला उठावं लागू नये ही त्याची इज्जत, कुणी वाईट हेतूनं करत नाही उलट प्रेमानं करतात, पण दाजींच्या पायातली सूज त्या प्रेमातून पण आलेली होती. बसायच्या धोक्याची पहिली मोठी खूण अशाच एका जागी सापडली होती, लंडनच्या डबल डेकर बसमध्ये. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये मांडलं की दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करून तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. बस तीच, रस्ते तेच. कंडक्टर काही व्यायाम म्हणून जिना चढत नव्हते, तिकीट फाडायचं म्हणून चढत होते.

हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचे तीन आठवडे वाचले असते, पण मी आधी पुस्तकी उपाय दिला. २०२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचा एक छोटा अभ्यास आला होता, ११ जणांवरच केलेला, त्यात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं हळू चालल्यावर जेवणानंतरची शुगर आणि बीपी दोन्ही चांगले खाली राहिले. म्हणून दाजींच्या मोबाइलला अर्ध्या तासाचा अलार्म लावला. तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी गेटवर माल भरलेला ट्रक उभा, ई-वे बिल, म्हणजे मालाबरोबर द्यायचा ऑनलाइन कागद, बनवायचं अर्धवट, अलार्म वाजतोय, असं कोण उठणार, दाबला बंद केला. आणि दुसरी अडचण जी त्यांनी मला जरा लाजतच सांगितली, उठून नुसतं व्हरांड्यात फिरलं की जो तो विचारायचा, "साहेब, कुणाला बघताय?" बिनकामाचं फिरणं त्या जागेत बसतच नव्हतं.

मग दुपारी जेवण झाल्यावर कंपाउंडबाहेर चक्कर. फेब्रुवारीत जमलं. पण सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीये, मार्चमध्येच दुपारी बाहेर पाय ठेववत नाही आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, त्या उन्हात भरल्या पोटी माणसाला चालायला लावणं हा उपाय नाही, ते मीच बंद करायला सांगितलं.

तिसऱ्या खेपेला आम्ही दाजींना काही बदलायला सांगितलंच नाही, वस्तू हलवल्या. मोठी बाटली घरी आली, तिच्या जागी स्टीलचा एक पेला, जेमतेम २०० मिली पाणी मावेल असा. माठ मागाच्या शेडलगतच्या व्हरांड्याच्या टोकाला, साठ पावलं जायला साठ यायला. उन्हाळ्यात माणूस आठ-दहा पेले पाणी सहज पितो, आणि पाणी पोटात गेलं की लघवीला पण उठावंच लागतं. प्रिंटर डिस्पॅचच्या खोलीत गेला. गेटपासची वही आत यायची बंद, सही करायला दाजी गेटवर. चहा टेबलावर नाही, वॉचमनच्या खोलीपाशी उभ्यानं, आणि दिवसाचे चार कप होते त्याचे अकराचा आणि चारचा असे दोनच झाले. फोन आला की उभं राहायचं. त्यांची मान आणि पाठ पण धरायची, कॉम्प्युटरची स्क्रीन खाली होती म्हणून तिच्याखाली हिशोबाची दोन जुनी लेजर बुकं सरकवली, मानेचा प्रश्न तेवढ्यानं बराच मिटला.

दुसऱ्याच दिवशी मामा गमछा हातात धरून टेबलापाशी येऊन उभे राहिले. "साहेब, माझ्या हातनं काय चुकलं का?"

रात्री दाजींचा फोन आला, मला वाटलं पाय दुखतायत, पण त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचं मन दुखावून मला शुगर कमी करायची नाही. बाटली परत नेतो." मला त्यांचं ते बोलणं मनापासून पटलं आणि मी बाटली परत नेऊ नका असंही म्हणाले नाही, एवढंच म्हणलं की मामांना पाय दाखवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला दाजींनी मोजा खाली केला आणि मामांना त्यांच्याच अंगठ्यानं दाबून बघायला लावलं. मामांनी खड्डा बघितला, भरेस्तोवर बघत राहिले, आणि बोलले काही नाही. त्यानंतर त्यांनी बाटलीचं नाव काढलं नाही. मालकांनी त्यांना आवक-जावकचं रजिस्टर सांभाळायला दिलं, त्यात त्यांचा मान वाढला.

तो खड्डा का पडतो ते सोपं आहे. पोटरीचे स्नायू चालताना आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, पंपासारखं. गुडघे वाकवून तासन्‌तास बसलं की पंप बंद, पाणी खाली घोट्यात उतरतं. आणि मांड्या-पोटऱ्यांचे तेच मोठे स्नायू हलले की रक्तातली साखर आत ओढून घेतात, त्याला इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. जेवून लगेच बसलेल्या माणसाची भाकरी रक्तात फिरत राहते आणि ती जिरवणारे स्नायू झोपलेले असतात. म्हणून सकाळची ४० मिनिटं दुपारी दोनच्या भाकरीला फारशी पुरत नाहीत, आणि म्हणूनच मी जेवणानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात दोन फेऱ्या होतातच हे बघितलं.

मालकांनी मध्येच विचारलं की उंच टेबल करून देऊ का, उभ्यानं काम करतील. चांगल्या मनानं विचारलं होतं. मी त्यांना शेडमध्ये नेलं. तिथं मागांवर माणसं अख्खी पाळी उभी असतात, त्यातल्या कितीतरी जणांच्या पोटरीवरच्या शिरा फुगून दोरीसारख्या झालेल्या, ते माझ्याकडं पण येतात. एका जागी खिळून उभं राहिलं तरी पोटरीचा पंप चालत नाही, स्नायू आवळायला आणि सुटायला पाहिजे.

मामा नंतर त्यांच्या बायकोला क्लिनिकमध्ये घेऊन आले. मावशी घरी विड्या वळतात, मांडीवर सूप, मान खाली, सकाळपासून. मजुरी हजारावर मिळते. तिथं मी काय सांगणार होते, दर अर्ध्या तासाला उठा म्हणून? त्यांचं प्रत्येक उठणं मजुरीतून जातं. दाजींच्या पगारातून एक पैसा कापला जात नाही हे लक्षात ठेवून मी ही केस लिहितेय, ऑफिसात बसणाऱ्याला उठायची मोकळीक आहे हीच मोठी गोष्ट आहे. मावशींना आम्ही एवढंच ठरवून दिलं की शंभर विड्या झाल्या की त्या सुपात न ठेवता उठून समोरच्या फळीवर ठेवायच्या, आणि बसताना मांडी बदलायची. हे जमतं म्हणाल्या. त्यांची मान अजून दुखते.

दाजींचे आकडे सांगते. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, लाल पेशी जवळपास १२० दिवस जगतात म्हणून, त्यामुळं मध्ये तपासायची घाई केली नाही. मार्चमध्ये पेला आला, जूनच्या शेवटी तपासलं: ५.८. उपाशीपोटी १०३. कमर ९५. वजन फक्त दोन किलो कमी, त्यांना जास्त अपेक्षा होती. ऑफिसातली पावलं ३,४०० च्या आसपास, उठणं १८ ते २० वेळा. दहा हजार पाहिजेत ना असं ते विचारत होते, तर तो आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरांच्या तपासणीतून नाही. आणि सलग दहा मिनिटं चाललात तरच मोजायचं ही जुनी अट पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये काढून टाकली, आता दोन मिनिटांची फेरी पण हिशोबात धरतात. माठापर्यंतच्या फेऱ्या त्यात बसतात.

सगळं श्रेय मी पेल्याला देणार नाही. त्याच काळात साखरेचे दोन चहा सुटले, आणि रात्री जेवून झाल्यावर ताईनं त्यांना सोसायटीच्या गल्लीत पंधरा मिनिटं बरोबर न्यायला सुरुवात केली. कशानं किती फरक पडला ते मला वेगळं करून दाखवता येत नाही. पाठ पण पूर्ण बरी नाही, सलग दोन-अडीच तास बसणं झालं की कंबर धरते.

पण सुजेबद्दल मला शंका नाही, कारण एक दिवस आपोआप परीक्षा झाली. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख असते, २० ला ३बी हे दुसरं विवरणपत्र, आणि मार्चअखेर तर विचारूच नका. एप्रिलच्या ११ ला पोर्टल रडत-रखडत चाललं होतं, दाजी खुर्चीला चिकटले, दिवसभरात सहाच वेळा उठले, आणि त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच मला फोटो पाठवला, नडगीवर अंगठ्याचा खड्डा, जानेवारीत होता तसाच. खाली लिहिलं होतं, "आज ११ तारीख." त्यानंतर ११ आणि २० ला पोर्टल फिरत असेल तेवढा वेळ ते खुर्चीमागं उभे राहून टाचा वरखाली करतात, वीस वेळा, पेज उघडेपर्यंत. हे त्यांचं त्यांनी शोधलं, मी नाही.

ऑगस्टमध्ये मी परत एकदा ऑफिसात गेले, वही न घेता. चार वाजत आले होते, दाजी व्हाउचरच्या ढिगात डोकं घालून, दीड तास तरी हलले नसतील. मामा रजिस्टर बंद करून आले, टेबलावरचा पेला उचलला, उलटा करून बघितला आणि परत तिथंच ठेवला.

"साहेब, पेला रिकामा हाय की."

आणि भरायला गेले नाहीत, तिथंच उभे राहिले, दाजी उठेपर्यंत.